भाऊंची पोच

नारायण पेठेत पुढारी व्हायला भाषण यावं लागत नाही. ऐकायला कुणी येत नाही आणि जे येतात ते व्याकरण तपासायला येतात. यावं लागतं ते एवढंच, की समोरच्याचा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याचा चेहरा करून त्यावर पोच द्यायची. इथला मतदार तक्रार तोंडी करत नाही. दोन प्रतींत करतो, तारीख घालतो आणि दुसऱ्या प्रतीवर सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. सही मिळाली की निम्मं काम झालं, असं त्याचं मत. उरलेलं निम्मं पाच वर्षांत झालं नाही, तर तोच कागद घडीवर चिकटपट्टी लावून पुन्हा हजर.

आमचे भाऊ या कामात निष्णात. पत्र्या मारुतीपासून मोदी गणपतीपर्यंत दर दोन बोळांमागे असा एक भाऊ सापडतो. एका टर्मला निवडून आलेला, एका टर्मला पडलेला आणि मधल्या काळात 'इच्छुक'. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं (एक देण्यासाठी, म्हणजे परत न येणारं), आणि पायात अशी चप्पल की कुणाच्याही घरात पटकन काढून जाता यावं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळतं.

सकाळी साडेसहाला ते नदीपात्रातल्या रस्त्यावर 'चालायला' जातात. जेमतेम दोनशे पावलं होतात. बाकी वेळ उभं राहणं. पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "भाऊ, खडकवासल्यातून किती सोडलंय?" भाऊ क्युसेकमध्ये उत्तर देतात. भिडे पुलावर पाणी येणार की नाही, हे सांगता न येणाऱ्या माणसाला नदीकाठची मतं मिळत नाहीत. 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसं अजून पेठेत आहेत. त्यांना धीर नको असतो, आकडा हवा असतो.

साडेआठला घरी पोहे. पोहे आणि ओटा, दोन्ही वहिनींच्या अखत्यारीत. वहिनी शाळेत शिकवतात आणि नवऱ्याच्या पदाचा त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही उपयोग करून घेतलेला नाही. बोळाच्या तोंडाशी कचरा साठला, तेव्हा त्यांनी भाऊंना सांगितलंच नाही. महापालिकेच्या 'पीएमसी केअर'वर तक्रार टाकली आणि टोकन नंबर फ्रिजवर चिकटवला. "अहो, मला सांगायचंत!" भाऊ कळवळले. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याकडे निदान नंबर तरी देतात."

भाऊंच्या स्वभावातला सोशिकपणा मात्र महापालिकेने घडवला. 2002 साली प्रभागात तीन नगरसेवक, 2007 ला एक, 2012 ला दोन, 2017 ला चार. दर वेळी हद्द नवी, नकाशा नवा, आणि ज्या गल्लीत पाच वर्षं ड्रेनेजची झाकणं बदलून घेतली ती नेमकी दुसऱ्याच्या प्रभागात. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुण्यात प्रशासक आले, ते जवळजवळ चार वर्षं राहिले. या काळात भाऊंना ना सभागृह, ना निधी, ना प्रभागातल्या कामांची 'स' यादी. तरी सकाळची रांग तेवढीच. "आता मी नगरसेवक नाही," असं त्यांनी एकदा एका काकांना सांगून पाहिलं. काकांनी शांतपणे विचारलं, "मग पोच कोण देणार?" भाऊंनी पोच दिली.

नगरसेवकाने छंद बाळगू नये असं कुणी म्हणालं, की भाऊ बोट दाखवतात ते रस्त्याकडे. केळकर रस्ता ज्यांच्या नावाचा, ते न. चिं. केळकर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते, 'केसरी'चे संपादक होते, नाटकं लिहीत होते आणि वर 'हास्यविनोदमीमांसा' नावाचा ग्रंथही लिहून गेले. आज त्या रस्त्यावर पार्किंगच्या पी-वन, पी-टू तारखांवरून जे संवाद झडतात, ते ऐकले असते तर त्यांना आणखी एक खंड काढावा लागला असता.

भाऊंचा छंद पेटीचा. लहानपणी शिकलेले, हात अजून बरा आहे, नाट्यपदं वाजवतात. पण पेटीला शांतता लागते आणि भाऊ राहतात नदीकाठी. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. मग सुरू होते भाऊंची खरी कसरत. सकाळी ज्येष्ठ नागरिकांचं शिष्टमंडळ येतं. त्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी मोबाइलवर डेसिबल मोजून आलेखाच्या कागदावर रोजचा आलेख काढलेला असतो. शनिवार-रविवार लाल शाईत. भाऊ आलेख पाहतात, मान हलवतात, "भयंकर आहे," म्हणतात (आणि मनापासून म्हणतात) आणि पोच देतात. संध्याकाळी त्याच भाऊंच्या हस्ते त्याच पथकाचं वाद्यपूजन. नारळ फोडताना समोर सव्वाशे पोरं-पोरी, म्हणजे सव्वाशे घरं. त्यातली एक ताशा वाजवणारी पोरगी त्या इंजिनिअरांची नात. हे भाऊंना माहीत आहे, इंजिनिअरांना नाही. हे गुपित फुटू न देणं, यालाच मी मुत्सद्देगिरी म्हणतो. दिल्लीत याहून सोप्या गोष्टींना म्हणतात.

ढोल थांबल्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास, भाऊ दार-खिडक्या लावून पेटी काढतात. एकदा वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा अर्ज आला. विषय: रात्री-अपरात्री होणाऱ्या हार्मोनियमवादनाबाबत. प्रति: मा. नगरसेवक. वाजवणाऱ्याचं नाव आजोबांनी सौजन्य म्हणून लिहिलं नव्हतं. भाऊंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, या वेळी खराच. कोपऱ्यात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारला, सही केली आणि दुसरी प्रत परत दिली. आजोबा समाधानाने जिना चढले. तिसऱ्या दिवशी पेटी पुन्हा सुरू झाली. पण आता आजोबांकडे पोच होती, त्यामुळे त्यांना झोप लागली.

15 डिसेंबर 2025 ला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. भाऊंच्या निधीतून ठेवलेल्या बाकांवरचं नाव महापालिकेच्या माणसांनी कागद चिकटवून झाकलं. त्या बाकांवर रोज संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना हाताला चाळा हवाच असतो. गप्पांच्या ओघात एकाच्या अंगठ्याने कागदाचा कोपरा सुटला, दुसऱ्याने तो मुळा सोलावा तसा सोलला आणि तिसऱ्या दिवशी भाऊंचं आडनाव मोकळं झालं. विरोधी इच्छुकाने तक्रार केली. भाऊ स्वतः डिंकाची बाटली घेऊन गेले.

उमेदवारीचं मात्र शेवटपर्यंत काही कळेना. प्रभागातल्या चार जागांपैकी आपली 'क' की 'ड', याच्यावर पोह्यांचे घास अडकत होते. महिला राखीव जागेवर वहिनींचं नाव सुचवा, असं पक्षातून कुणीतरी म्हणालं. पेठेला यात नवीन काही नाही. केसरीवाड्यातल्या मुक्ता टिळक 2017 मध्ये महापौर झाल्या आणि पुढे कसब्याच्या आमदार. वहिनींनी ऐकून घेतलं, डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला आणि मग अटी सांगितल्या. "उभी राहीन. पण सकाळी अर्ज मी घेणार, पोहे तुम्ही करायचे. आणि फ्लेक्सवर माझा एकटीचा फोटो." पहिली अट भाऊंना लगेच पटली. दुसरीवर त्यांनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाले, "खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइज?" वहिनी शाळेत निघून गेल्या.

तिकीट तिसऱ्याच बाईंना मिळालं. त्याच दिवसांत, पुण्यात एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याचा पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी पेपरांत आली होती. ती वाचून वहिनी एवढंच म्हणाल्या, "सकाळी काही खाऊन निघाला नसेल."

भाऊ रुसले, दीड दिवस. मग बाईंच्या प्रचाराला लागले, कारण मतदार यादी फक्त त्यांना वाचता येते. यादीतला प्रत्येक वाडा त्यांना पाठ. इथली इमारत पडली, हे कोथरूडला गेले. ही दोन मुलं न्यू जर्सीत. या आजी गेल्या, पण यादीत आहेत आणि वय एकशे चार. त्यामुळे नारायण पेठेचा प्रचार अर्धा कोथरूड आणि सिंहगड रस्त्यावर करावा लागतो. संक्रांत 14 जानेवारीची, जाहीर प्रचार 13 लाच संपलेला. तिळगूळ देणं हा प्रचार होतो का, यावर चावडीसारखी चर्चा झाली. भाऊंनी तोडगा काढला: तिळगूळ द्यायचा, गोड बोलायचं आणि निवडणुकीचं नाव घ्यायचं नाही. तसंही त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

15 जानेवारीला ते स्वतःच्या गाडीतून कोथरूडच्या एका आजोबांना मतदानाला घेऊन आले. वाटेत आजोबांनी कर्वे रस्त्याबद्दल, मेट्रोबद्दल आणि भाऊंच्या वजनाबद्दल मत दिलं. शाळेच्या पायऱ्या भाऊंनी हात धरून चढवल्या. चार सदस्यांचा प्रभाग, चार मतं. आजोबा आत बराच वेळ होते. बाहेर आले ते बोटावरची शाई जपत.

"जमलं ना, आजोबा?"

"न जमायला काय झालं? चार मतं होती. तीन पक्षांना एकेक दिलं. कुणी नाराज नको."

"आणि चौथं?"

"नोटा. सगळ्यांना वचक पाहिजे." मग काठी सावरत म्हणाले, "आता आलोच आहोत तर जरा लक्ष्मी रस्त्याने घे. चष्म्याची काडी बसवून घ्यायची आहे. आणि हे बघ, परत कोथरूडला सोडणार आहेस ना? तसं सकाळी लेखी घ्यायला हवं होतं तुझ्याकडून."