डेनिमोद्धारक

बोहारणीच्या गाठोड्यात जाणारी जुनी जीन्स जो झडप घालून परत ओढतो, तो डेनिमोद्धारक. बाई असो की बुवा, लक्षणं तीच: अंगावर दोऱ्यांचे तुकडे, बोटांना सुईची भोकं आणि नजर कायम दुसऱ्याच्या गुडघ्यांवर. समोरच्याच्या पँटची दुमड उलटून आत लाल किनार आहे का हे बघायला तो अनोळखी माणसापुढेही वाकतो. समोरच्याला वाटतं, नमस्कार करतोय. लिव्हाय कंपनीच्या लाल पट्टीवरच्या नावात इंग्रजी ‘ई’ मोठा दिसला, तर कपडा साधारण १९७१च्या आधीचा, आणि मग त्या दिवशी घरात स्वयंपाक होईलच असं नाही. आपण कपडा वाचवतो, पैसा वाचवतो, पाणी वाचवतो, असं त्याचं म्हणणं. ते मला पटत नाही. त्याचं कौतुक करायचं तर ते वेगळ्याच कारणासाठी करावं लागेल.

पाण्याचा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. लिव्हाय कंपनीच्याच २०१५च्या अहवालानुसार एका जीन्सला, कापूस पिकवण्यापासून घरच्या धुण्यापर्यंत, ३,७८१ लिटर पाणी लागतं. आकडा बरोबर आहे. पण जुनी जीन्स वापरून नवी घेणं टळलं तरच ते पाणी वाचणार. याची जुनी जीन्स वापरात येतच नाही. बोहारणीकडून ओढलेली नसेल तर ती ‘विंटेज’ म्हणून नव्याच्या दुप्पट भावात घेतलेली, वर रेशीम, मणी, आरसे, कशिद्याची रिंग असा खर्च, शिवाय कपाटात ‘पुढच्या कामाच्या’ पँटी वाट बघत असतात त्या वेगळ्याच. खिसे फाटू नयेत म्हणून जेकब डेव्हिस आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी १८७३ साली तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट घेतलं. कष्टकऱ्यांसाठी जन्मलेल्या त्या पँटच्या मागच्या खिशावर हा मोर काढतो आणि टाके आरपार जाऊन खिसा कायमचा बंद होतो. मोरामुळे बसायचीही सोय उरत नाही.

कुणी म्हणेल, आजीची गोधडी तरी दुसरं काय होती? फरक आहे. गोधडी अंगावर घेतली जायची, या जीन्सची घडीसुद्धा मोडत नाही. मग फाटकी जीन्स सरळ मॉलमधून का आणू नये? इथे मात्र मी उद्धारकाच्या बाजूचा. कारखान्यात नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा फवारा मारत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस झाला, तेव्हा २००९ साली तुर्कस्तानने ती पद्धत बंद केली. याच्या पँटचा विटका रंग कुणाच्या तरी गुडघ्यांनी वर्षानुवर्षं कमावलेला असतो. डेनिमचा उभा धागा निळीत बुडवलेला, पण आत पांढराच राहिलेला. म्हणून घासेल तिथे पांढऱ्या रेघा उमटतात. चांगला उद्धारक त्या रेघा झाकत नाही, त्यांच्याच कडेने साखळी टाका नेतो. जाड दुहेरी शिवणीत सुई अडली की पकडीने ओढतो, आणि कपडा उलटा केला तरी गाठ दिसू देत नाही. रिकामटेकड्यांचं खूळ म्हणावं, तर लिव्हायनेच १९७४च्या सुमाराला ग्राहकांनी नटवलेल्या जीन्सची स्पर्धा घेतली होती. खूळ पन्नास वर्षं टिकलं, की त्याला कला म्हणायला हरकत नसावी.

तेव्हा तो बचत करतो यावर विश्वास ठेवू नका, पण त्याच्या टाक्यांवर ठेवा. जुनी जीन्स स्टीलच्या डब्यावर घालवण्यापेक्षा त्याला द्या. ‘कधी मिळेल?’ एवढं मात्र विचारू नका, आणि तोवर घालायला दुसरी पँट हाताशी असू द्या.