फरशीचे राखणदार

दुबईत मिर्दिफकडच्या भाड्याच्या व्हिलात एखादे तरी मराठी राखणदार भेटतातच. पाहुण्याने सोलकढीची वाटी उचलली की यांची नजर वाटीच्या बुडाशी. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत बाकीचे घुमट बघतात, तर हे 17,000 चौरस मीटरचं संगमरवरी अंगण बघून ‘पुसतं कोण हे?’ म्हणून विचारतात. मध्येच एखाद्या रात्री निजानीज झाली की घरच्या संगमरवरी फरशीवर चमचाभर पाणी ओतून घड्याळ लावून बसतात. पाणी थेंबाथेंबाने उभं राहिलं तर सीलर शाबूत. खालचा दगड काळपटला, तर येत्या शनिवारी घरादाराने पलंगावर बसायचं, कारण सीलर लागणार.

लोक म्हणतात, ही सगळी धडपड डिपॉझिटसाठी. पटत नाही. बिनफर्निचरच्या घराचं डिपॉझिट वर्षाच्या भाड्याच्या साधारण 5 टक्के, आणि दुबईचा 2007 चा भाडेकायदा रोजच्या वापराची झीज भाडेकरूला माफ करतो. राखणदार ती स्वतःला करत नाहीत. गावच्या घरात शहाबादी फरशी तेल-तूप पिऊन काळीभोर झाली, तिच्यासाठी कुणी रात्री जागलं नव्हतं. त्यांचा जीव पहाऱ्यात आहे, असं माझं मत. नाहीतर शमाल वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्यांनी आधी अडवली असती. वाळूतल्या गारेची कठिणता 7, संगमरवराची 3-4. चपलेखालची चिमूटभर वाळू म्हणजे पॉलिशपेपरच. त्यावर उपाय दारातलं पायपुसणं. पण पायपुसण्यात कसली मर्दुमकी?

मग सीलर थोतांड का? तसंही नाही. तो दगडाची छिद्रं भरतो. चहा, तेल आत मुरायच्या आधी फडकं आणायला सवड मिळते. पण संगमरवर चुन्याच्याच जातीचा. लिंबू, कोकम सांडलं की सीलर असूनही पॉलिश उडतं आणि पांढुरका वण पडतो. तो डाग नसतोच, पुसणार काय? राखणदार मात्र सीलरच्या भरवशावर मिसळीवर लिंबू पिळतात. हळद सांडली तर आणखी बहार. कुठेतरी वाचलेला सोड्याचा लेप ते थापतात आणि पिवळ्याचं लालभडक होतं. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांच्या वंशजाला हे आठवू नये! हळदीचा रंग उन्हाने विटतो, आणि उन्हाला इथे तोटा नाही. पण एसीचं बिल वाढेल म्हणून यांचे पडदे बारा महिने बंद.