पहिल्या पानाचा घाट

शाळेतल्या चित्रकलेच्या वहीला तीन मुखपृष्ठं असतात. पहिलं कंपनीनं छापलेलं. ते चांगलं रंगीत असतं, म्हणून त्यावर लगेच खाकी कव्हर चढवून ते झाकलं जातं. खाकीवर लेबल लागतं, हे झालं दुसरं. मग चित्रकलेचे सर सांगतात, "पहिल्या पानावर छानसं कव्हर पेज करून आणा." म्हणजे वही उघडून बसलेल्या माणसाला ही कसली वही आहे, कोणाची आहे आणि तिच्या मालकाचा हजेरी क्रमांक काय, हे तिसऱ्यांदा कळवायचं.

सर हे मंगळवारी सांगतात. घराला ते रविवारी रात्री, जेवणं आटोपून ओटा पुसून झाल्यावर कळतं.

त्यानंतर पोराची भूमिका संपते. बाबा मोबाइलवर नमुने शोधायला बसतात आणि थोड्या वेळानं क्रिकेटचा स्कोअर सांगतात. आजी म्हणते, "आधी गणपती काढ, मग बाकीचं बघ." आई स्केचपेनांचं पाकीट पालथं करते. त्यात काळं पेन वाळलेलं निघतं. ते नेहमीच सगळ्यांच्या आधी वाळतं, कारण चित्र कुठलंही असो, त्याची बाह्यरेषा काळ्यानंच काढायची असते. पिवळं मात्र वर्षअखेरीपर्यंत कोरं करकरीत.

विषय ठरत नाही तेव्हा निसर्गचित्र ठरतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून थेट बघणाऱ्याच्या अंगावर येणारी नदी, काठाला नारळ. या चित्राची सगळे टिंगल करतात, पण भूगोलाच्या दृष्टीनं ते निर्दोष आहे. फक्त ते कोकणातच बसून काढायला हवं. तिथे सह्याद्री पूर्वेला, सूर्य त्याच्यामागून वर येतो, नद्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि नारळ तर आहेतच. हेच चित्र पुण्यातल्या पोरानं काढलं की डोंगर जातात पश्चिमेला, सूर्य मावळतीचा होतो आणि नारळाला सोसायटीच्या बागेत हलवावं लागतं. वर्ध्याच्या पोरानं काढलं तर एकट्या सूर्यावरच विश्वास ठेवता येतो. तरीही राज्यभरातली मुलं पिढ्यानपिढ्या हीच एक कोकणातली सकाळ रंगवत आली आहेत.

हल्ली मात्र निसर्गचित्राला वारलीनं मागे टाकलं आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस तयार, त्याला नाकडोळे काढावे लागत नाहीत, ही बातमी पालकवर्गात फार वेगानं पसरली. मुळात ही चित्रं लग्नघरातली. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, त्यात पालघट देवी असे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात ही चित्रं कागदावर आणली, लग्नाची वाट न पाहता रोज काढली, जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची रेघ सोपी दिसते, आणि इथेच रविवारच्या रात्री घात होतो.

पानभर तपकिरी पोस्टर कलर फासला जातो. कागदाची ओली बाजू फुगते, कोरडी फुगत नाही, त्यामुळे पान पापडासारखं वळतं. पंखा पाचावर करूनही वाळत नाही. तेवढा धीर कोणाला नसल्यानं ओल्यावरच पांढरा रंग लागतो, खालचा तपकिरी त्यात उतरतो आणि अख्खा वारली पाडा मातकट गुलाबी होतो. मग तारपा नाच. त्यात नाचणारे एकमेकांचे हात धरून गोल फिरतात आणि मधोमध तारपा वाजवणारा उभा असतो. नाचणारे जमतात. वाजवणाऱ्याची पाळी येते तेव्हा लक्षात येतं की नाव घालायला जागाच ठेवलेली नाही. तारपावाला बाद होतो. त्याच्या जागी 'इयत्ता 6 वी, तुकडी ब' येते आणि पाडा तिच्याभोवती नाचू लागतो.

खरं संकट हे अक्षरांचंच. शासकीय रेखाकला परीक्षेत अक्षरलेखनाची सांगड भूमितीशी घातलेली असते, ती उगाच नाही. डावीकडून सुरुवात केली की 'चि' ऐसपैस बसतो, वेलांटी पार समासाबाहेर कमान टाकते. 'त्र' आणि 'क' जरा अंग चोरतात, आणि 'ला' एसटीच्या दारात लटकावा तसा पानाच्या काठाला लटकतो. यावर उपाय जुना आहे. शब्द आधी रद्दी कागदाच्या पट्टीवर लिहायचा, पट्टी मध्यात दुमडायची, तो मध्य पानाच्या मध्यावर ठेवायचा आणि तिथून दोन्हीकडे सरकत जायचं. सर हा उपाय दरवर्षी सांगतात. फळ्यावर स्वतः लिहिताना त्यांचाही 'ला' खाली उतरतो, तो भाग वेगळा.

दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराचं मुखपृष्ठ हातात घेऊन पाहिलं तर चित्र आणि नाव एकमेकांना सांभाळून बसलेली दिसतात. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काही घडवली की जाहिरातीत अक्षरं बघूनच नाटकाची जात कळावी. घरात ही परंपरा बाबा पुढे नेतात. ते म्हणतात, "कॉम्प्युटरवर टाइप करून चिकटवू." आणि समोर येईल तो मंगल फॉन्ट घेतात. मंगल घडवणारे र. कृ. जोशी स्वतः कवी, सुलेखनकार, अक्षरांशी मनसोक्त खेळणारे. पण त्यांचं सगळ्यात शिस्तीचं अक्षर घरोघरी पोचलं आणि आता ते गुलाबी वारल्यांच्या मधोमध, डिंकाचे फुगे सावरत चिकटून बसलं आहे.

सोमवारी सर वही उघडतात. लाल पेनानं खाली सही, तारीख, आणि शेरा: 'समास सोडा.' आत पुढे तीन-चार वस्तुचित्रं होतात, एक रंगचक्र होतं आणि पुढची पानं कोरीच राहतात.

ती फुकट घालवणं कोणत्याही आईच्या जिवावर येतं. पुढच्या जूनमध्ये आतली रंगवलेली पानं फाडली जातात, सहीवर एक जास्तीचा नारळ उगवतो, नावावर पांढरं स्टिकर बसतं आणि वही धाकट्याच्या दप्तरात जाते. सर पहिलं पान उजेडाकडे धरतात, नखानं स्टिकरची कड उचलून बघतात आणि विचारतात, "काय रे, दादा पास झाला का?"