टीव्हीवाले आले सरोवरावर

"काकू, काल कुठं होत्या हो? अख्खं लोणार सरोवराच्या काठावर लोटलं होतं. दिल्लीची टीव्हीवाली मंडळी आली होती. मोठा कॅमेरा, ड्रोन, चांदीसारखा चमकणारा पडदा. अन् मधोमध आपले पुण्याचे सर!"

"कोण, ते दगडवाले? दर हिवाळ्यात कॉलेजची पोरं घेऊन येतात ते? अव माय, त्या माणसाच्या तोंडून मराठी शब्द निघता निघत नाही. दिल्लीवाल्यांपुढं काय बोलले असतील?"

"हिंदीत बोलले ना! एकेक शब्द तोलून. पण बोलू देईल तर तो वारा कसला? माइकला केसाळ टोपी घातली, तरी फडफड चालूच. वारा पडला की मोर ओरडे. मोर गप्प झाला की खालून शेळ्या. तेच वाक्य किती वेळा म्हणवलं त्यांच्याकडून, मोजदाद नाही."

"कोणतं वाक्य?"

"पचास हजार साल पहले यहाँ उल्का गिरी. शेवटी सर म्हणाले, हे मी असं म्हणणार नाही. एका पद्धतीनं मोजलं तर ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार. दोन्ही सांगू. ती सूत्रसंचालक पोरगी म्हणाली, सर, दर्शक कन्फ्यूज हो जाएँगे. सर म्हणाले, हम भी तो हैं!"

"हात्तिच्या! मग उल्केची गोष्ट तरी खरी का?"

"ती पक्की. सरांनी काळा दगड हातात धरून दाखवला. म्हणाले, इथल्या दगडात काच सापडते, एकदम जबरदस्त दाबानं झालेली. तसा दाब ज्वालामुखीत नसतो, उल्का आपटल्यावरच येतो. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा काय उगाच पडला?"

"त्या लोणासुर राक्षसाचं नाव नाही काढलं?"

"ते त्या पोरीनं काढलं. म्हणे, सर, थोडा रहस्य चाहिए. अन् खरी गंमत पुढंच. ती पाण्याकडं पाहते, पाणी हिरवं! तिला पाहिजे गुलाबी. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनात झालं होतं ना तसं."

"ते कसं मिळायचं आता?"

"तेच तर. म्हणाली, सर, हात दाखवून नुसतं म्हणा, देखिए यह गुलाबी पानी. आम्ही मागाहून जुना फोटो जोडतो. सरांनी हात खाली घेतला. म्हणाले, मला हिरवं दिसतंय."

"बरं केलं! खमका निघाला माणूस."

"मग सावकाश समजावलं. पाऊस कमी, ऊन कडक, त्यानं पाणी आटलं अन् खारटपणा वाढला. खारात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, गुलाबी रंग त्यांचा. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले. पाणी ठेवून दिलं तर ते जीव तळाशी बसले अन् वरचं पाणी नितळ झालं. सर म्हणाले, पानी रंगीन नहीं था, पानी में रहनेवाले रंगीन थे. टाळ्या पडल्या काकू, शेळ्यावाल्यानंही वाजवल्या!"

"मला कळलं बाई हे. इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं असं."

"माझा पोरगा त्यांच्या सहलीत होता एकदा. म्हणतो, मराठीत सर इंग्रजी नावांचा असा पाऊस पाडतात की वही बंद करावी वाटते. हिंदीत ती पळवाट नव्हती. जेवढं येतं तेवढ्यातच सांगायचं, मग नेमकंच सांगावं लागलं. ती पोरगी मात्र घडाघडा बोलत होती, अन् तिच्या बोलण्यात 'रहस्य'शिवाय काही नव्हतं."

"शेवटी काय विचारलं?"

"सरोवराला धोका कशाचा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं ना आपलं सरोवर, म्हणून. सर वळले, गावाकडं बोट केलं अन् म्हणाले, इनके घरों का गंदा पानी."

"आपल्या गल्लीकडं?"

"सरळ आपल्या गल्लीकडं. कॅमेराही वळला."

"माझी नाली तर नसेल ना आली त्यात? मागचं झाकण महिनाभर फुटलेलंय."

"कार्यक्रम रविवारी लागणार आहे म्हणे. पाहू."

"पाहू काय? आज शनिवार! ह्यांना आत्ताच सिमेंट आणायला धाडते."

"धाडा. पण काकू, झाकण लावलं तरी पाणी उतरायचं तिकडंच."