मामाची अल्टो

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाकडे चारचाकी दिसली, की ती मामाची आहे असं डोळे मिटून समजावं. मामा नवी गाडी घ्यायला जातो, जुनीची जी किंमत शोरूमवाला सांगतो ती ऐकून त्याचा अपमान होतो, आणि ‘असल्या भावात विकण्यापेक्षा भाच्याला देईन’ असं तो तिथल्या तिथे जाहीर करतो. मामी काही बोलत नाही, पण ऐकून ठेवते. अशा रीतीनं एमएच २४ पासिंगची, उजव्या दाराला पोचा आलेली पांढरी अल्टो लातूरहून कर्वेनगरच्या एका बोळात येऊन उभी राहते आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा गाडीवाला होतो.

गाडीवाला म्हणजे काय, तर अधूनमधून सिंहगड, पेट्रोल चौघांत वाटून. टाकीचा काटा लाल रेघेच्या वर गेलेला त्यानं कधी पाहिलेला नसतो. गाडी फुकट मिळाल्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक खर्च त्याला अन्याय वाटतो, आणि सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे इन्शुरन्स. टायर घेतला तर टायर तरी दिसतो. इथे पैसे भरूनही गाडी होती तशीच राहते, दाराचा पोचासुद्धा जात नाही.

‘इन्शुरन्स संपतोय, आता तुझं तू बघ,’ असा मामाचा फोन आला, की त्याच्यातला संशोधक जागा होतो. सबमिशनची फाइल आदल्या रात्री दुसऱ्याची बघून उतरवणारा हा मुलगा प्रीमियमची एक्सेल शीट मात्र स्वतः बनवतो. दर बघायच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर द्यावाच लागतो, तेव्हा तो पूर्ण विचारांती रूममेटचा देतो. मग रूममेटला मेसमध्ये, लेक्चरला, ऐन तोंडी परीक्षेच्या दारात ‘सर, आपकी अल्टो का इन्शुरन्स’ असे फोन येत राहतात. रूममेटकडे सायकल असते.

शेवटी कुणीतरी त्याला कोथरूडच्या एजंटकाकांकडे पाठवतं. बँकेतून निवृत्त झालेले हे काका जिन्याखालच्या खोलीत बसतात. माझ्या स्कूटरची पॉलिसी करायला मी तिथे बसलो असताना हा प्राणी मला पहिल्यांदा जवळून बघायला मिळाला. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात आरसी, जुनी पॉलिसी आणि सर्वांत वर मार्कलिस्ट.

‘काका, स्टुडंट डिस्काउंट किती बसेल?’

‘कसलं डिस्काउंट?’

‘माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला चांगले मार्क पडले म्हणून गाडीच्या इन्शुरन्समध्ये सूट मिळाली. मला फर्स्ट क्लास आहे.’

काकांनी मार्कलिस्ट पूर्ण वाचली. बँकेची सवय. मग म्हणाले, ‘गणितात, एम-थ्रीमध्ये, काठावर आहेस.’

हे अमेरिकेचं प्रकरण खोटं नाही. तिकडे चालवणारा विशीच्या आतबाहेरचा असला, की विमा कंपनी त्याच्याकडे संशयानं बघते आणि भरमसाट प्रीमियम लावते. अभ्यासू मुलं गाडी जपून चालवतात असा तिथल्या कंपन्यांचा विश्वास असल्यानं गुणवंतांना त्यात सूट मिळते. आपल्याकडची पद्धत फारच उदार आहे. इथे गाडीचं वय विचारतात, चालवणाऱ्याचं नाही. पस्तीस वर्षं एकही ओरखडा न काढलेले आजोबा आणि काल लायसन्स मिळालेला नातू, थर्ड पार्टीच्या दरापुढे दोघे समान. म्हणजे आमच्या नायकाला सवलत आधीच मिळालेली असते. फक्त ती पावतीवर छापलेली नसल्यामुळे त्याला ती पटत नाही.

‘हे बघ,’ काका म्हणाले, ‘थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या जूनपासून हजार सीसीच्या आतल्या गाडीला २०९४ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. झाले २४७१. तुझ्या जागी कुलगुरू आले तरी २४७१.’

‘दुसऱ्या कंपनीत?’

‘२४७१.’

‘कॅश दिली तर?’

‘तरी.’

‘मग तुमच्या कमिशनमधले थोडे?’

काकांनी चष्मा काढला. विमा कायद्याचं ४१ वं कलम त्यांना तोंडपाठ होतं. एजंटनं कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देणं हा गुन्हा आहे आणि दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की देणारे आणि घेणारे दोघेही तिथेच अटकेत आहेत असं मला वाटलं.

पण हा लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेला मुलगा. पहिल्या अपयशानं खचणारा नव्हे. त्यानं मोबाइलवर हिशेब मांडला. ‘विमा नसताना पकडलं तर दंड २०००. विमा २४७१. म्हणजे न काढलेला ४७१ रुपयांनी स्वस्त पडतो.’ गणित बिनचूक होतं. एम-थ्रीत काठावर का, कळेना. काकांनी फक्त पुढच्या ओळी भरल्या. दुसऱ्यांदा सापडलास तर ४०००. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. आणि कुणाला धडक बसली तर दावा शिवाजीनगर कोर्टाच्या न्यायाधिकरणात लागेल आणि गाडीचा मालक म्हणून मामाचं नाव येईल. मामाची शेती किती? सोयाबीनच का? शेतीचं नाव निघताच पोरगा गप्प झाला. आरसी अजून मामाच्याच नावावर होती.

आरसी मामाच्या नावावर राहण्यामागेही एक अर्थशास्त्र आहे. मामानं पाच-सहा वर्षं एकही क्लेम न केल्यामुळे त्याचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असतो. भाच्याला वाटतं, गाडी आली तसा बोनसही आला. पण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी भाच्याच्या नावावर झाली की भाचा शून्यावर, आणि मामा कंपनीकडून पत्र घेऊन तोच बोनस नव्या गाडीला लावायला मोकळा. म्हणून मामा रोज विचारतो, ‘ट्रान्स्फर कधी करतोस?’ आणि भाचा रोज सांगतो, ‘सबमिशन चालू आहेत.’ या शीतयुद्धातली खरी गंमत अशी की भाच्याला घ्यायची असते नुसती थर्ड पार्टी, आणि तिच्यात नो क्लेम बोनस लागूच होत नाही! हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं तरी तो म्हणतो, ‘असू दे, हातचा कशाला सोडा?’

फुल इन्शुरन्सचीही चौकशी तो करतो, म्हणजे फक्त त्यातल्या सवलतींची. गाडी लातूरची म्हणून झोन बी, दर किंचित कमी, हे कळल्यावर त्याला आपल्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो. (झोन ए मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता वगैरे सात शहरांच्या पंगतीत पुणेही बसतं. ही यादी अजून एकाही पुणेकरानं मला अभिमानानं दाखवलेली नाही, कारण तिच्यात पैसे जास्त भरावे लागतात.) मग कळतं, की एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं प्रमाणित केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात अडीच टक्के सूट आहे. एआरएआय तर कोथरूडच्या टेकडीवर, सकाळी पळायला जातो तिथे! तो हरखतो. अल्टोचा ओन डॅमेजचा हप्ता २००० धरला तर सूट होते ५० रुपये, आणि यंत्राची किंमत हजारांत. त्याच्या शीटमध्ये मात्र सवलतींचा रकाना असतो, यंत्राच्या किमतीचा नसतो.

चौकातला कुणीतरी १२०० मध्ये पॉलिसी देतो, हा त्याचा हुकमी पत्ता. काका शांतपणे म्हणाले, ‘ती पॉलिसी नसते, कलर प्रिंट असते. किंवा तुझ्या गाडीच्या नंबरावर स्कूटरचा विमा असतो. सरकारच्या ‘वाहन’ साइटवर नंबर टाकून बघ, काय दिसतं ते.’

जिथे खरोखर डोकं चालवायला हवं तिथे हा संशोधक झोपतो, ही माझी त्याच्याबद्दलची तक्रार. २४७१ रुपये कायद्यानं ठरलेले, तिथे आठवडा घालवतो. आणि पार्किंगचे पैसे वाचवायला भर जुलैत गाडी भिडे पुलाजवळ नदीपात्रात लावून पिक्चरला जातो. २०२४ च्या २५ जुलैला पहाटे खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, तेव्हा एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या; पात्रातल्या गाडीचं काय घेऊन बसलात. बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही थर्ड पार्टीत मिळत नाही. फुल पॉलिसी असली, तरी पाण्यात ‘चालू होतेय का बघू’ म्हणून किल्ली फिरवून घालवलेलं इंजिन तिच्यात बसत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं आणि म्हाताऱ्या गाडीला कंपन्या ते सहसा देत नाहीत. मागच्या सीटवरचे तिघे पेट्रोलचा वाटा इमानदारीनं देतात. नुसत्या थर्ड पार्टीत त्यांची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही, हे त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच घेतलं, तरी ते मामाला. म्हणजे हाड मोडणार भाच्याचं आणि पॉलिसीत नाव मामाचं.

एवढं सगळं झाल्यावर त्यानं २४७१ रुपये भरले. यूपीआयनं, चार मित्रांकडून वर्गणी काढून, वर ‘काका, पेन द्या ना’ म्हणून पॉलिसीबरोबर एक पेन घेऊन.

तेव्हा समस्त मामावर्गाला विनंती: गाडी द्यायची तर जरूर द्या, पण किल्लीच्या आधी आरसी भाच्याच्या नावावर करा. पॉलिसी ट्रान्स्फरसाठी कायद्यानं १४ दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात कंपनीला कळवायला लावा आणि आपलं नो क्लेम बोनसचं पत्र आधी हातात घ्या. भाच्याची सबमिशन काही संपायची नाहीत.