सावधान! मुलगी लिहीत आहे

पालकांना फॅन फिक्शनची ओळख करून देणारी बातमी साधारणपणे दहावीचा निकाल आणि शाळेची पहिली घंटा यांच्या मधल्या काळात उगवते. तिचे घटक ठरलेले: ‘सावधान’ हा शब्द, उद्गारचिन्ह, नाव न छापण्याच्या अटीवर बोललेली आई आणि छायाचित्र. आवडत्या कथेतली पात्रे घेऊन वाचकाने हौसेने रचलेली आणि बहुधा फुकट वाचायला दिलेली नवी कथा म्हणजे फॅन फिक्शन, एवढी माहिती त्यात नसते. जागा पुरत नाही.

छायाचित्राला मात्र चार कॉलम पुरतात. अंधारी खोली, टोपीचे जाड जर्किन घातलेली मुलगी, तोंडावर मोबाइलचा निळा उजेड. धाराशिव जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कळंबला किंवा परंड्याला पत्र्याच्या खोलीत त्या दिवसांत जर्किन घालून बसलेल्या मुलीला आधी दवाखान्यात न्यावे लागेल. अंधार व्यसनामुळे, असे बातमी धरून चालते. उमरग्यात तो लाइट गेल्यामुळे असतो. हीच मुलगी मागे ऑनलाइन गेमच्या बातमीत होती, त्याआधी सायबर फसवणुकीच्या, त्याही आधी निद्रानाशाच्या. इतकी वर्षे ती त्याच खोलीत, त्याच जर्किनात बसून आहे. तिची दहावी होत नाही, तिला कोणी जेवायला हाक मारत नाही, कोणी उठून दिवा लावत नाही. घरात आई आहे हे नक्की, कारण शेजारच्या कॉलमात तीच बोलते आहे. पण बटण दाबणे तिच्या अटींत बसत नसावे.

या रोगाचा उगम परदेशी सांगण्याची प्रथा आहे. 1967 साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकेनालिया’ हा अंक काढला, हे खरेच. त्याच वर्षी मराठीत कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलते करणारी ‘मृत्युंजय’ आली. ती तेव्हापासून बक्षीस म्हणून वाटली जाते. त्याच्या फार आधी मोरोपंतांनी शंभरावर रामायणे रचली, असे सांगतात. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य, म्हणजे ‘म’ बाद आणि नायकाचे नावही बाद. आज नववीतल्या मुलाने हा उद्योग केला तर त्याला समुपदेशकाकडे नेतील. तुळजापुरात घाटशीळ आहे. देवीने तिथून रामाला लंकेची वाट दाखवली, असे परंपरा सांगते. वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग नाही. तो लोकांनी श्रद्धेने जोडला, पिढ्यान्‌पिढ्या सांगितला, आणि कोणत्याही पालकाला त्याबद्दल सावध करण्यात आले नाही.

फॅन फिक्शनमध्ये प्रौढांसाठीचा मजकूर असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मोठ्या संग्रहांत कथा उघडण्याआधीच वयोगट आणि इशारे दिसतात; ते लेखकाने स्वतः लावलेले असल्याने चुकू शकतात, तरी असतात. ज्या पानावर ‘सावधान’ छापतात, त्याच पानाच्या तळाशी वशीकरणाची आणि जोशवर्धक तेलाची जाहिरात असते. तिला वयोगट नाही, इशारा नाही, उद्गारचिन्हे तेवढी भरपूर. आणि रविवारचे मुलांचे पान कुठे गेले? जिथे गावोगावच्या पोरांच्या गोष्टी आणि कविता छापून यायच्या, तिथे आता लातूरच्या क्लासचे टॉपर पासपोर्ट फोटोंत ओळीने उभे असतात. मुलांना लिहायला दिलेली जागा विकून खायची आणि ती दुसरीकडे लिहायला लागली की पालकांना घाबरवायचे, हा निर्लज्जपणा आहे. गुण मिळणार नाहीत, प्रमाणपत्र मिळणार नाही, सरांनी सांगितलेले नाही, तरी एखादी मुलगी मोबाइलवर पन्नास पानांची गोष्ट मराठीत लिहिते, ही बातमी कोणाला दिसत नाही.

पालकांनी ती गोष्ट वाचायला मागावी. मुलगी दाखवेलच असे नाही.