अण्णांची गाळणी, आबांचे ढग

नारायणगावच्या आसपास पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या कुठल्याही उडपी हॉटेलात सकाळी सातला जा. गल्ल्यावर अण्णा, समोरच्या टेबलावर आबा. अण्णा कुंदापूरकडून आले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मोरीवर कपबशा विसळता विसळता मराठी शिकले. त्या घाईत लिंगं तेवढी राहून गेली. आबा इथलेच, द्राक्षबागायतदार आणि विज्ञानाचे जन्मजात विरोधक. शंका काढायला त्यांना सदैव वेळ असतो, उत्तर ऐकायला नसतो.

त्यांचा मुख्य राग जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या त्या तीस तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. पाऊस लांबला की आबांचं बोट तिकडे. "त्याच ढग हाकलतात!"

"आबा, ते गाळणी आहे," अण्णा चहा ओतता ओतता म्हणतात. "बारीक तारेचा जाळी. वारा जाते, पाणी जाते. माझा गाळणी कधी चहा हाकलली काय?"

खरं तर त्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी नुसत्या ऐकतात, स्वतः काही बोलत नाहीत. नुसतं ऐकून घेणारं कुणी असू शकतं, हेच आबांना पटत नाही. नाणेघाटात कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईतो दमतो, हे तबकड्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. नोटीस द्यायचीच तर सह्याद्रीला द्यावी लागेल.

बिबट्यांचंही तेच. वनखात्यानं रात्री गाड्या भरून आणून सोडले, ही आबांची खात्री. प्रत्यक्षात येडगाव, माणिकडोह, आंबेगावात डिंभे अशी धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्याला घर मिळालं. हा उलगडा त्यांना फार साधा वाटतो.

मात्र द्राक्षावर डाऊनी रोग दिसला की आबा आधी मोबाइलवर हवामान बघतात, मग चष्मा लावून औषधाचं लिटरमागचं प्रमाण वाचतात. ते विज्ञान नव्हे, अनुभव!

अण्णांची शाळा चौथीत सुटली. थंडीत इडलीचं पीठ फुगेना, तेव्हा त्यांनी पातेलं भट्टीजवळ सरकवून पाहिलं, उडीद वाढवून पाहिला, बिघडलेलं ओतून दिलं, पुन्हा पाहिलं. माझ्या मते त्या हॉटेलातला शास्त्रज्ञ तोच. इडली आबा मुकाट खातात.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. नातवाचा प्रयोग होता म्हणून गेल्या खेपेस आबाही गेले. परतताना चहाला थांबले.

"काय आबा, जाळी दिसली?"

"दिसली. आरपार आभाळ दिसलं. पण ढग? एक तरी होता का?"

अण्णांनी गाळणी धुवायला टाकली.

तुम्ही खोडदला गेलात तर मोबाइल बंद ठेवा. त्या तबकड्या फार लांबचं ऐकत असतात.